साडेतीन वर्षांच्या मुलाचा पहिला पट: दहा घरांचा आणि सरळ रेषेतला

प्रश्न एका बाबांचा आहे. मुलगा साडेतीन वर्षांचा. संध्याकाळी मोबाइलऐवजी घरात काहीतरी एकत्र खेळावं म्हणून त्यांनी साप-शिडी आणली. मुलगा फासा आनंदाने टाकतो, पण सोंगटी मनाला येईल त्या घरात नेतो. शिडी दिसली की दान न बघताच चढतो, सापाने गिळलं की रडतो, आणि शेवटी पट उधळून देतो. त्यांनी विचारलंय: "तो अजून लहान आहे का, की आम्ही चुकीचा खेळ आणला? पाचशे रुपयांच्या आत पहिला खेळ म्हणून कोणता घ्यावा?"

मी बरीच वर्षं बालवाडीत शिकवते आणि हीच तक्रार थोड्याफार फरकाने दर वर्षी ऐकते. म्हणून आधी सांगते, तुमच्या मुलात काही कमी नाही. तो वयाला साजेसंच वागतोय. साप-शिडी एकाच वेळी त्याच्याकडून फार गोष्टी मागते, अडचण तिथे आहे.

एका दानात काय काय करावं लागतं ते बघा. आपली पाळी येईपर्यंत थांबायचं. फाशावरचे ठिपके मोजायचे. तो आकडा डोक्यात धरून पटाकडे वळायचं. चारांतून आपली सोंगटी ओळखायची. एका घराला एक उडी, या हिशेबाने बरोबर तितकंच पुढे जायचं. ओळ संपली की वरच्या ओळीत चढून उलट दिशेने चालायला लागायचं, कारण या पटाच्या दहा ओळी एक डावीकडून उजवीकडे तर पुढची उजवीकडून डावीकडे जाते. शिडीवर आलो तर तळाशी आहोत की टोकाशी, हे पाहायचं. आणि एवढं सगळं नीट करूनही सापाच्या तोंडात पडलो तर निमूटपणे खाली यायचं. आपल्याला सवयीने हे सगळं मिळून एकच काम वाटतं. साडेतीन वर्षांच्या मुलासाठी ती सात-आठ वेगवेगळी कामं असतात आणि त्यातलं एखाद-दुसरंच त्याला पक्कं जमत असतं. या खेळाचा मूळ आशयही मोठ्यांचाच आहे. साप-शिडीचं जुनं रूप असलेल्या मोक्षपटात शिड्यांना सद्गुणांची आणि सापांना दुर्गुणांची नावं असायची.

"मग लुडो?" असं पालक लगेच विचारतात. लुडो या वयाला आणखी जड जातो. सहा पडल्याशिवाय सोंगटी बाहेरच निघत नाही, आणि चार वेळा फासा टाकूनही एकदासुद्धा सहा न पडण्याची शक्यता जवळजवळ निम्मी असते. म्हणजे मुलाने आपल्या पाळीची चारदा वाट बघायची आणि चारही वेळा काहीच करायचं नाही. सोंगटी निघालीच, तर चारांतली कोणती चालवायची ते ठरवायचं, आणि घराच्या दारात आलेली सोंगटी कुणीतरी मारली तर तेही सोसायचं. लुडो छान खेळ आहे, पण सहा-सात वर्षांनंतर.

तेव्हा खरा प्रश्न मी असा मांडेन: कोणता खेळ मुलाकडून एका वेळी एकच नवी गोष्ट मागतो? ती जमली की पुढची, ती जमली की त्यापुढची. बाजारातल्या डब्यांवर "३ वर्षांपासून पुढे" असं लिहिलेलं असतं, त्यावरून हे कळत नाही. तो आकडा बऱ्याचदा सुट्या भागांच्या आकारावरून ठरलेला असतो. मुलाला खेळ कळेल की नाही, याचा त्याच्याशी फारसा संबंध नसतो.

आता, परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. या वयात सहा महिन्यांनी फार फरक पडतो, त्यामुळे शेजारचा चार वर्षांचा मुलगा काय खेळतो याच्याशी तुलना करू नका. घरात मोठं भावंड असेल तर मूल पाळी घ्यायला लवकर शिकतं, पण हरण्याचा त्रासही त्याला जास्त होतो. काही मुलांना बसून खेळायला मुळातच आवडत नाही. त्यांना आधी अंगाने खेळू द्यावं लागतं. तुमचं मूल कुठे आहे हे बघायला परीक्षा नको, घरातल्या घरात तीन गोष्टी पुरतात. समोरासमोर बसून चेंडू एकमेकांकडे ढकला: तो परत येईपर्यंत मूल थांबतं का? डब्यातून लाल टोपण मागा: रंग जुळवून देतं का? जेवताना म्हणा, "मला तीन शेंगदाणे दे": तीनच देतं, की मूठ भरून? शेवटची गोष्ट बघून बरेच पालक चकित होतात, कारण मूल दहापर्यंत घडाघडा म्हणत असतं. पण आकडे ओळीने म्हणता येणं वेगळं आणि चार वस्तू मोजून देता येणं वेगळं. दोन्हींमध्ये अनेक महिन्यांचं अंतर असू शकतं आणि त्यात काळजीचं काही नाही. मात्र चेंडूची देवाणघेवाणही होत नसेल, हाक मारली तरी मूल वळून बघत नसेल, तर पटाचा विचार बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांना भेटा.

तुमचा मुलगा फासा आनंदाने टाकतो, म्हणजे खेळाची ओढ त्याला आहे. अशा मुलांना मी पहिला खेळ देते तो मोजण्याचा नसतो. तो रंगांचा असतो, आणि त्यात सगळे मिळून एका बाजूला असतात. आमच्या वर्गात त्याला वाळवणाचा खेळ म्हणतात. तुम्ही तो एका संध्याकाळी घरी बनवू शकता.

एका पुठ्ठ्यावर गच्चीवरची बाज किंवा पसरलेली साडी काढा. तिच्यावर वाळवण: तीन पांढऱ्या कुरडया, तीन पिवळे पापड, तीन लाल मिरच्या, तीन जांभळी आमसुलं. हे जाड पुठ्ठ्याचे गोल तुकडे कापून रंगवायचे, प्रत्येक साधारण चार-पाच सेंटीमीटरचा. पुठ्ठ्याच्या कडेपासून बाजेपर्यंत सहा घरांची वाट आखा आणि तिच्या सुरुवातीला एक काळा ढग ठेवा. फाशाच्या चार बाजूंना चार रंग, पाचव्या बाजूला ढग आणि सहाव्या बाजूला तारा. शेजारी खरी छोटी टोपली.

खेळ असा: पाळीपाळीने फासा टाकायचा. जो रंग पडेल ती एक वस्तू उचलून टोपलीत ठेवायची. त्या रंगाचं काही उरलं नसेल तर फासा पुढच्याला द्यायचा. तारा पडला तर हवं ते एक उचलायचं. ढग पडला तर ढग एक घर पुढे. ढग बाजेपर्यंत पोचण्याआधी सगळं वाळवण टोपलीत आलं तर आपण जिंकलो. नाही आलं तर "भिजलं, सगळं भिजलं!" असं सगळ्यांनी मिळून ओरडायचं आणि पुन्हा मांडायचं. सहा घरांच्या वाटेवर मुलं बहुतेक वेळा जिंकतात. फारच सोपं वाटायला लागलं तर वाट पाच घरांची करा, ढग जरा जास्त वेळा जिंकायला लागेल. मूल अगदी हळवं असेल तर सात करा. ही सोय विकतच्या खेळात सहसा नसते.

या खेळाचा सांगाडा माझा नाही. जर्मनीत हाबा या कंपनीने १९८६ साली फळबागेचा एक खेळ काढला, त्यात मुलं फळं तोडतात आणि दुसरीकडून डोमकावळा येत असतो. आनेलीझ फारकाशोव्स्की यांनी तो रचला. पुढे त्याची दोन वर्षांच्या मुलांसाठीही सोपी आवृत्ती निघाली. परदेशात राहणाऱ्यांना तो सहज मिळेल आणि तो चांगलाच आहे. पण एप्रिल-मे महिन्यात आजीबरोबर पापड उचलायला धावलेल्या मुलाला ढग आल्यावर काय होतं ते सांगावं लागत नाही, म्हणून आमच्याकडे वाळवण.

या खेळात मोजायचं जवळजवळ काहीच नसतं. मूल फक्त तीन गोष्टी शिकतं: पाळी, फासा सांगेल तसं करायचं, आणि खेळाला शेवट असतो. ढगाविरुद्ध सगळे एकत्र असल्यामुळे रडण्याचं मोठं कारण निघून जातं. आणि काही आठवड्यांनी एक सुंदर गोष्ट घडते. तारा पडला की मूल थांबून बघायला लागतं, कोणतं वाळवण जास्त उरलंय? त्याला सांगू नका. "तू काय उचलशील? का बरं?" एवढंच विचारा. त्याने आवडता रंग म्हणून आमसूल उचललं तरी चालेल. विचार करून निवडणं ही पटावरच्या खेळाची पहिली चव आहे, ती त्याला स्वतःहून लागू द्या.

रंगांवर चालणारे खेळ पूर्वीपासून आहेत. अमेरिकेतला कँडी लँड एलिनॉर ॲबट यांनी १९४८ साली सॅन डिएगोच्या रुग्णालयात पोलिओतून बऱ्या होत असताना तिथल्या मुलांसाठी रचला, आणि १९४९ मध्ये तो बाजारात आला. त्यात वाचावं लागत नाही, मोजावंही लागत नाही, पत्त्यावरचा रंग बघून त्या रंगाच्या घरापर्यंत जायचं. खेळाशी ओळख व्हायला असे खेळ उत्तम. पण संख्या शिकवण्याच्या बाबतीत त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका, आणि हे मी नुसत्या अंदाजाने म्हणत नाही.

अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात गीता रमाणी आणि रॉबर्ट सीग्लर यांनी कमी उत्पन्न गटातल्या बालवाडीच्या मुलांना एक अगदी साधा पट खेळायला दिला. एका ओळीत सारखी दहा घरं, त्यांत १ ते १० आकडे, आणि फाशाऐवजी फिरवायची चकती, तिच्यावर फक्त १ आणि २. काही आठवड्यांत छोट्या छोट्या चार बैठका, सगळ्या मिळून साधारण तासभर. दुसऱ्या गटाला तसाच पट दिला, फक्त घरांत आकड्यांऐवजी रंग होते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार आकड्यांच्या पटावर खेळलेली मुलं मोजण्यात, आकडे ओळखण्यात आणि कोणती संख्या मोठी हे सांगण्यात पुढे गेली. नऊ आठवड्यांनंतर पाहिलं तेव्हाही तो फायदा टिकलेला होता. रंगांच्या पटावरच्या मुलांना तसा फायदा झाला नाही. पुढच्या वर्षी त्यांनी सरळ पट आणि गोल पट यांची तुलना केली, त्यातही सरळ पट सरस ठरला.

कारण विचार केला की पटतं. सरळ रेषेत आठावर पोचलेली सोंगटी चारावरच्या सोंगटीपेक्षा खरोखर दुप्पट लांब आलेली असते. तिला तिथपर्यंत न्यायला जास्त उड्या लागल्या, जास्त वेळ गेला, तोंडाने जास्त आकडे म्हटले गेले. आठ म्हणजे चारापेक्षा मोठं, हे मुलाच्या डोळ्यांना, हाताला आणि कानाला एकदमच कळतं. साप-शिडीच्या पटावर हेच विस्कटतं. तिथे ११ हा आकडा १० च्या बरोबर डोक्यावर असतो आणि २० असतो १ च्या वर.

म्हणून वाळवणाचा खेळ रुळला की तुमच्या मुलाचा पुढचा पट हा: दहा घरांची सरळ वाट. जुन्या कॅलेंडरची दोन पानं पाठीमागून जोडा. सात-सात सेंटीमीटरची दहा घरं, एकाला एक लागून, सगळी अगदी सारखी. डावीकडून उजवीकडे आकडे लिहा आणि प्रत्येक आकड्याखाली तितके ठिपके काढा. शाळेत जे आकडे असतील तेच इथे लिहा, देवनागरी किंवा इंग्रजी. दोन्ही एकाच पटावर नकोत. पहिल्या घराच्या डावीकडे, रेषेच्या बाहेर, एक अंगण काढा. सोंगट्या तिथे उभ्या राहतील. दहाच्या पलीकडे मुलाला आवडेल ते: तळं, आगगाडीचं स्टेशन, मामाचं घर.

फाशाऐवजी एक मोठी कवडी घ्या. उताणी पडली तर एक, पालथी पडली तर दोन. आपल्याकडे कवड्यांवर आणि फोडलेल्या चिंचोक्यांवर पिढ्यान् पिढ्या चौकाबारा खेळला गेलाय, आजीला विचारा, ती कवडी कशी टाकायची ते दाखवेल. बोर्डीला १९४५ पासून आणि पुढे कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बिया, पानं, दगड अशा भोवतालच्या वस्तूंमधून बालवाडीचं साहित्य उभं केलं. महागड्या डब्यापेक्षा मुलाच्या ओळखीची वस्तू बरी, हे आम्हा बालवाडीच्या बायांना त्यांच्याकडून मिळालंय. पण एक सावधगिरी घ्यायलाच हवी. घरात तीन वर्षांच्या आतलं बाळ असेल तर चिंचोके, कवड्या, मणी, छोटी बटणं हे काहीही खेळात नको. सुमारे ३.२ सेंटीमीटर रुंदीच्या नळीत मावेल अशी कोणतीही वस्तू बाळाच्या घशात अडकू शकते. अशा घरात एका मोठ्या लाकडी ठोकळ्याच्या तीन बाजूंवर एक ठिपका आणि तीन बाजूंवर दोन ठिपके काढा, काम तेच होतं.

आता खेळताना काय होईल ते आधीच सांगते, म्हणजे तुम्ही गोंधळणार नाही. सगळ्यात नेहमीची चूक ही, की मूल ज्या घरात उभं आहे तेच "एक" म्हणून मोजतं. सोंगटी तीनवर आहे, दान दोनाचं पडलं, तर ते तीनवरच बोट ठेवून "एक" म्हणतं, चारवर "दोन" आणि तिथेच थांबतं. यात त्याचं लक्ष नाही असं समजू नका. वस्तू मोजताना आपण पहिल्या वस्तूवर बोट ठेवून "एक" म्हणायला शिकवतो, तेच तो इथे करतोय. उड्या मोजायच्या असतात, घरं नव्हेत, हे त्याला अजून कळायचंय. यासाठीच सोंगट्या रेषेच्या बाहेर, अंगणात उभ्या करायच्या. तिथून पहिली उडी मारली की आपोआप घर नंबर एक येतं. पुढेही सोंगटी पटावर सरकवू देऊ नका, उचलून टप्पकन दुसऱ्या घरात ठेवायला लावा. उडीचा आवाज आला की मोजणी सुधारते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे आणि बहुतेक पालक ती वेगळी करतात. सोंगटी पाचावर असेल आणि दोन पडले तर आपण म्हणतो, "एक, दोन." तसं न म्हणता घरातले आकडे म्हणा: "सहा, सात." सुरुवातीला मुलाला ते जमणार नाही. त्याच्याबरोबर तुम्ही म्हणा, बोट आकड्यावर ठेवून, सावकाश. प्रत्येक दानाला पुन्हा एकपासून मोजलं तर मूल संध्याकाळभर एक आणि दोन एवढंच म्हणत राहतं. पुढचे आकडे म्हटले तर एका डावात संपूर्ण ओळ तोंडून आणि डोळ्यांखालून जाते. सीग्लर यांनी एलिडा लास्की यांच्यासोबत शंभरपर्यंतच्या पटावर नेमकी हीच गोष्ट तपासली होती. फायदा झाला तो घरातले आकडे म्हणत पुढे गेलेल्या मुलांना.

एक किंवा दोनच पडत असल्यामुळे साधारण सात-आठ दानांत वाट पार होते. दोघं खेळत असाल तर डाव पाच मिनिटांत संपतो. या वयाला एवढाच डाव हवा. त्याला अजून खेळायचं असेल तर तो स्वतःच "परत" म्हणेल. दोघं किंवा तिघं खेळा, चौथा आला की वाट बघण्यातच मुलाचा धीर संपतो. ज्याची पाळी त्याच्या हातात वाटी, कवडी वाटीत खुळखुळवून टाकायची, मग वाटी पुढच्याकडे. पाळी कुणाची हे सांगायला वाटी पुरेशी असते. आणि शेवटी बरोब्बर तेवढंच दान पडायला हवं, हा नियम ठेवू नका. दहावरून दोन पडले तरी पोचला, टाळ्या.

एका जागी न बसणाऱ्या मुलासाठी हाच पट खडूने अंगणात किंवा गच्चीवर काढा, एक घर एका फरशीएवढं. तिथे सोंगटी म्हणजे मूल स्वतःच. कवडी टाकायची आणि उड्या मारायच्या, "तीन, चार!" ठिकरीची सवय असलेल्या मुलांना हे लगेच जमतं. पायांनी आठवडाभर खेळलेली मुलं नंतर कागदावरची वाट चटकन ओळखतात.

तर क्रम असा झाला: आधी रंग आणि ढग, मग दहा घरं आणि एक-दोनाचं दान. ते सहज व्हायला लागलं की फाशावर १, २, ३ प्रत्येकी दोनदा. तीनपर्यंतचे ठिपके मुलं न मोजता नुसत्या नजरेने ओळखतात, म्हणून तिथवर अडचण येत नाही, चारपासून पुढे मोजावं लागतं. त्यानंतर वीस घरं, तीही लांब पट्टीवर सरळच. साधा सहाचा फासा साडेचारच्या आसपास. प्रत्येक पायरीला किती दिवस, हे मी सांगणार नाही, कारण एकाच वर्गात कुणी दोन आठवड्यांत पुढे जातं तर कुणी दिवाळीपासून होळीपर्यंत ढगातच रमतं. मूल मागेल तोपर्यंत तोच खेळ द्या.

आता हरण्याबद्दल. साडेतीनच्या मुलाला नशीब ही कल्पना अजून नसते. कवडी आपलं ऐकत नाही, हे त्याला खरोखर कळत नाही, म्हणून ते हाताने उलटवून दोन करतं. त्याला खोटारडेपणा म्हणू नका आणि "रडीचा डाव" म्हणून चिडवू तर मुळीच नका. "कवडीला परत विचारूया, ती काय म्हणते?" असं म्हणून शांतपणे पुन्हा टाकायला द्या. मुद्दाम सारखं हरणंही मला पटत नाही. मुलांना ते कळतं, आणि मग बाहेर कुणी खरं हरवलं की त्यांना दुप्पट लागतं. त्यापेक्षा शर्यतीचा शेवट बदला: पहिला पोचला तरी डाव थांबवायचा नाही, सगळे तळ्यावर पोचेपर्यंत खेळायचं आणि आधी पोचलेल्याने मागच्यांसाठी आकडे म्हणायचे. तुम्ही मागे राहिलात तर मोठ्याने सांगा, "अरेरे, मी मागे राहिलो. जरा वाईट वाटलं. चल, अजून एक डाव." हरल्यावर काय करायचं असतं, हे मुलं उपदेशातून शिकत नाहीत, समोरच्याचं बघून शिकतात.

आणि तरीही पट उधळला तर? डाव तिथेच संपला. रागवायचं नाही, "आधी पूर्ण कर" म्हणून बसवायचं नाही, समजूतही घालत बसायचं नाही. दोघांनी मिळून सोंगट्या गोळा करायच्या आणि पट गुंडाळून ठेवायचा. उद्या पुन्हा. पट उधळण्याचं कारण बऱ्याचदा खेळात नसतंच. मूल दमलेलं असतं, भुकेलेलं असतं. जेवणाच्या आधीची वेळ टाळून बघा.

मोठी ताई किंवा दादा असेल तर त्याला लिंबूटिंबूसोबत खेळायचा कंटाळा येणारच. त्याला वेगळं काम द्या. ढग त्याने चालवावा, गडगडाटासकट. सरळ पटावर त्याला सहाचा फासा आणि वीस घरं, धाकट्याला कवडी आणि दहा घरं, एकाच वेळी शेजारी शेजारी. धाकट्याच्या वतीने सोंगटी हलवायची मात्र त्याला मनाई. हा नियम आजी-आजोबांनाही लागू. घाईने आपण मुलाची सोंगटी पुढे करून देतो, तेव्हा त्याचं खरं काम आपण करून टाकतो. मोबाइलवरच्या लुडोत हेच होतं. बोट लावलं की सोंगटी आपोआप मोजून पुढे जाते, मुलाला करायला काही उरतच नाही. तुम्ही मोबाइलऐवजी हातातला पट शोधताय, हे फार योग्य करताय.

राहिला खरेदीचा प्रश्न. पाचशे रुपये पूर्ण खर्च करायची गरज नाही. दोन मोठे कोरे लाकडी ठोकळे, रंगीत चिकटपट्ट्या, जाड पुठ्ठा आणि बुडाला रुंद, सहज न पडणाऱ्या चार सोंगट्या घ्या. सोंगट्या मिळाल्या नाहीत तर बाटल्यांची मोठी टोपणं चालतात. तयार खेळ घ्यायचाच असेल तर डब्यावर आयएसआय चिन्ह बघा, १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना ते सक्तीचं आहे. डबा उघडून दाखवत असतील तर तीन गोष्टी पाहा: वाट एकच आणि सरळ किंवा सौम्य वळणाची आहे का, घरं मुलाच्या चार बोटांएवढी मोठी आहेत का, आणि "एक पाळी चुकली" किंवा "सुरुवातीला परत जा" अशी घरं त्यात नाहीत ना. पैसे उरले तर जोड्या लावायच्या चित्रपत्त्यांचा एक संच घ्या. बारा पत्ते पालथे मांडून सारखी चित्रं शोधायची. त्यात चार वर्षांचं मूल मोठ्यांच्या बरोबरीने खेळतं, कधी कधी खरोखर हरवतंही.

आणलेली साप-शिडी परत करू नका. मुलगा वीस घरांची पट्टी सहाच्या फाशाने, स्वतः मोजून, न चुकता पार करायला लागला की ती काढा. वरच्या आठ ओळींवर कागद लावून फक्त खालच्या दोन ओळी उघड्या ठेवा. दहावरून अकरावर चढून उलट वळायचं, ही त्यातली एकच नवी गोष्ट असेल. तिथे बाणाचं चित्र काढून द्या आणि त्या दोन ओळींतला साप पहिले काही दिवस झोपलाय असं ठरवा. वळण जमलं की सापाला जागं करा, मग एक-एक ओळ उघडत वर जा.